उडी मारू की गाडी घेऊ?

‘ताई, मी २९ वर्षांची आहे. साताऱ्यात एका पतसंस्थेत काम करते, हातात २७ हजार येतात. घरी आई आणि मी. तीन वर्षांची आरडी दिवाळीत सुटतेय, ८० हजार मिळतील. ते घरखर्चाला लागणार नाहीत. पुढेही महिन्याला तीन हजार बाजूला टाकू शकते. मला एक गोष्ट फक्त माझ्यासाठी करायचीय. शीतल महाजन नऊवारी नेसून आकाशातून उडी मारतात, तो फोटो कॉलेजपासून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. दुसरीकडे, ऑफिसातल्या दादांची बुलेट मैदानावर दोनदा चालवली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. रोज अॅक्टिवा चालवते, पण ते वेगळंच काहीतरी होतं. स्कायडायव्हिंग शिकू की मोटरसायकल घेऊ? आईचा दोन्हींना नकार आहे. तिला उडी जास्त धोक्याची वाटते. खरंच तसं आहे का? मला अहोजाहो करू नका, तू म्हणा.’

प्रिय मैत्रिणी,

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. मोटरसायकल घे. उडीसुद्धा मार, पण एकदाच, शिकवणाऱ्याला बांधून घेऊन आणि वेगळे पैसे साठवून. ती स्वतः शिकायचा बेत मात्र आजच्या पगारात करू नकोस.

यात पैशाचा हिशेब आहेच, पण तो एका उडीच्या किमतीपाशी संपत नाही. तू पतसंस्थेत बसतेस, तुला हप्ता आणि मुद्दल यातला फरक मी काय सांगणार! उडीचं मुद्दल कसंबसं उभं करता येईल, हप्ता झेपायचा नाही.

आधी मुद्दल बघू. पहिल्यांदा उडी मारणारे बहुतेक जण टँडम उडी मारतात, म्हणजे प्रशिक्षक तुझ्या पाठीशी पट्ट्यांनी जखडलेला असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असतं. आपल्याकडे हरियाणात नारनौलला अशा उड्या होतात. एका उडीला पंचवीस-तीस हजार धर. गोवा एक्सप्रेस साताऱ्याहून थेट निझामुद्दीनला नेते, तिथून पुढे नारनौल दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. धुकं पडलं किंवा वारा सुटला तर विमान उडत नाही, म्हणून एक-दोन दिवस हातचे ठेवायचे. जाणं-येणं, राहणं धरून चाळीस हजारांच्या आसपास. तुझ्या आरडीचा अर्धा भाग गेला.

माझ्या भाचीने परदेशात अशी उडी मारली. परत आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर उभं राहून मला सगळं करून दाखवलं. विमानाचं दार उघडल्यावर वाऱ्याचा आवाज इतका की मागच्या माणसाचं बोलणं ऐकूच येत नाही, तो खांद्यावर थापटून खुणा करतो. दारात बसायचं, पाय खाली लोंबकळत, डोकं मागे त्याच्या खांद्यावर, पोट पुढे, टाचा मागे वळवलेल्या. मग अर्धा-पाऊण मिनिट नुसतं पडणं. मग एक जोराचा हिसका, आणि एकदम शांतता. त्या शांततेत तिला खालच्या रस्त्यावरून जाणारी एक ट्रक दिसली, तेच तिला सगळ्यात जास्त आठवतं. उतरताना फक्त ‘पाय वर’ एवढंच सांगतात. स्टुलावरून उतरून ती म्हणाली, ‘मावशी, फार भारी होतं, पण मी काहीच केलं नाही गं. सगळं त्यानेच केलं.’

हे मला महत्त्वाचं वाटतं. तुला आयुष्यात एक गोष्ट स्वतः करायची आहे. टँडम उडीत तू प्रवासी असतेस. तो अनुभव मोठाच, पण दुसऱ्या रविवारी काय करशील?

आता हप्ता. स्वतः उडी मारायची तर परवाना लागतो. अमेरिकेतल्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेचा ‘ए’ परवाना बऱ्याच देशांत चालतो, आणि त्यासाठी किमान २५ उड्या लागतात. थायलंड, दुबई, स्पेन, जिथे जाशील तिथलं विमान, राहणं, भाड्याचं सामान, सगळं धरलं की काही लाखांचं काम. समजा, सात-आठ वर्षं साठवून तेही केलंस. त्याच संघटनेचा पुढचा नियम बघ: ‘ए’ परवानाधारकाने ६० दिवसांत उडी मारली नसेल, तर त्याला पुन्हा प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उडी मारावी लागते. म्हणजे साताऱ्यात राहून दर दोन महिन्यांनी विमानाच्या दारात उभं राहायचं. हा तो हप्ता.

आणि हा नियम पैसे काढायला केलेला नाही. मोकळं पडताना वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात असतो. गोंधळून पाच सेकंद गेले की पावणेतीनशे मीटर उंची गेली. मुख्य पॅराशूट नीट उघडलं नाही तर ते सोडून देऊन राखीव उघडायचं, हे डोक्याने ठरवायला तिथे वेळ नसतो. हातांना पाठ असावं लागतं. माणूस बेशुद्ध पडला तरी ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारं यंत्र आता असतं आणि त्याने पुष्कळ जीव वाचवले आहेत. पण अलीकडचे बरेच अपघात व्यवस्थित उघडलेल्या पॅराशूटखाली होतात, जमिनीजवळ चुकीचं वळण घेतल्यामुळे. तिथे यंत्र कामाला येत नाही, सवय येते. वर्षातून एकदा उडी मारणाऱ्याला ती सवय होत नाही. परवडत नाही म्हणून सराव कमी, आणि सराव कमी म्हणून धोका जास्त, या चक्रात तू अडकावंस असं मला मुळीच वाटत नाही.

शीतलताईंची पहिली उडी २००४ मध्ये उत्तर ध्रुवावरची. पुढे २०११ ला पद्मश्री, आणि तुझ्या कपाटातली नऊवारीतली उडी २०१८ ची, थायलंडमधल्या पटायाची. त्या एका फोटोमागे शेकडो उड्या आहेत, पैसे उभे करायची वर्षानुवर्षांची धडपड आहे, त्यांनी सगळं आयुष्य त्यात घातलं आहे. कपाटावरचा फोटो काढून टाकू नकोस. तो तिथे शोभतो.

आता आईचा प्रश्न. उडी जास्त धोक्याची का? इथे मला तुझ्याशी अगदी सरळ बोलायला हवं, कारण गाडी घे म्हणून मीच सांगतेय.

अमेरिकेत २०२३ मध्ये साधारण साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यात १० माणसं गेली. आपल्या देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हे दोन आकडे एकाच तराजूत घालता येत नाहीत. तिथला हिशेब उडीचा आहे, इथे तर अख्खा देश रोज दुचाकीवर कामाला जातो. पण घरातली दुचाकी सवयीची झाल्यामुळे आपण तिला सुरक्षित समजतो, हे खोटं आहे. आकाशात तुझ्या वाटेत उलट्या दिशेने उसाची ट्रॉली येत नाही. तुझ्या जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की संध्याकाळी मागचा दिवा नसलेल्या किती ट्रॉल्या रस्त्यावर असतात, ते तुला माहीतच आहे.

त्याच वर्षीचा आणखी एक आकडा आहे, आणि माझं सगळं उत्तर त्यावरच उभं आहे. त्या वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण गेले. दुचाकीवरच्या एकूण मृत्यूंशी पडताळून बघ, तिनांत दोन पडतात. म्हणजे या धोक्याचा एक मोठा भाग तुझ्या हातात आहे आणि त्यावरचा उपाय विकत घेता येतो. त्यासाठी लाखभर रुपये किंवा परदेशाचं तिकीट लागत नाही.

म्हणून ८० हजारांतले पहिले पैसे अंगावर घालायच्या सामानाचे. गाडी बघायला जायच्या आधी हे सामान घरात आलेलं असू दे. उलट केलंस तर गाडीवरच सगळे पैसे संपतात आणि ‘हातमोजे पुढच्या महिन्यात’ असं होतं. माझं तसंच झालं होतं. मी चौतिसाव्या वर्षी नवऱ्याची जुनी मोटरसायकल शिकले. त्या जूनमध्ये पहिल्या पावसात पसरणी घाट उतरत होते. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येऊन साबणासारखा थर होतो, हे ऐकलेलं होतं, पण अंगाला ठाऊक नव्हतं. वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी खालून निघून गेली. वेग फार तर वीसचा असेल. त्या दिवशी हातात नवऱ्याचे मोठे चामडी मोजे होते. उजव्या तळव्यावर त्यांचं चामडं घासून कागदाएवढं पातळ झालं, आतला हात शाबूत राहिला. पायात मात्र सँडल होती. घोटा मोडला, सहा आठवडे प्लास्टरमध्ये. ते मोजे मी अजून ठेवले आहेत.

पूर्ण चेहरा झाकणारं, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट घे, चार-सहा हजारांचं. डोक्यात घालून मान जोरात हलव. गालाची कातडी त्याच्याबरोबर हलली पाहिजे, हेल्मेट एकटं फिरता कामा नये. वापरलेलं हेल्मेट कोणी फुकट दिलं तरी नको, ते कधी आपटलं आहे हे बाहेरून दिसत नाही. खांदे, कोपर आणि पाठीला पॅड असलेलं जॅकेट सहा-सात हजारांत येतं. हातमोजे दीड-दोन हजार. घोटा झाकणारे बूट, तेवढेच. सगळं मिळून पंधरा-सोळा हजार.

उरले चौसष्ट हजार, त्यात गाडी. बुलेटच हवी असं मनात असणार, कारण झोप तिनेच उडवली. पण ती आज घेऊ नकोस. ३५० सीसीच्या त्या गाड्या १९० किलोच्या घरात जातात, तुझ्या अॅक्टिवाच्या जवळजवळ दुप्पट. मैदानावर सरळ चालवताना वजन कळत नाही. चढावर थांबून यू-टर्न घेताना कळतं. शिवाय चांगल्या अवस्थेतली सेकंडहँड बुलेट तुझ्या पैशांत बसत नाही, आणि जी बसते तिला का विकायला काढली याचं उत्तर दुरुस्तीत मिळतं. तू दीडशे सीसीची, २०१९ नंतरची गाडी बघ. त्या वर्षीच्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. पसरणीच्या त्या वळणावर माझ्या गाडीला ते असतं तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. अशी गाडी पन्नास-पंचावन्न हजारांत शोधता येईल. बसून बघ, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. विम्याच्या बाबतीतही दीडशेच्या आत राहण्याचा फायदा आहे: थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे ७१४ रुपये अधिक कर, दीडशेच्या वर गेलं की १,३६६.

गाडी बघायला सकाळी जा, आणि मालकाला फोनवर सांग की मी येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनला हात लाव. गरम असेल तर त्याने तुझ्या आधीच ती सुरू करून ठेवली आहे, थंड असताना सुरू व्हायला त्रास देत असेल. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या बटणाला सुरू व्हायला हवं. धूर बघ, निळसर असेल तर निघून ये. चेन बोटाने खालून वर उचल, फार ढिली नको. मग हँडल लॉकपासून लॉकपर्यंत फिरव, मध्ये कुठे अडकल्यासारखं झालं तर पुढून ठोकलेली असू शकते. ओळखीच्या मेस्त्रीला बरोबर ने आणि त्याला दोन-तीनशे रुपये दे, फुकट नेऊ नकोस. कागद तर तू माझ्यापेक्षा चांगले बघशील. आरसीवर बँकेचा बोजा आहे का ते परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतं. असला तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि बँकेचा दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नकोस. नावावर करायला नमुना २९ आणि ३०. विमा १४ दिवसांच्या आत तुझ्या नावावर फिरवून घे. ‘राहू दे हो, नंतर करू’ म्हणणाऱ्या माणसाकडून गाडीच घेऊ नकोस.

पुढचा महिन्याचा खर्च तीन हजारांत आरामात बसतो. आठवड्याला शंभर किलोमीटर धरले तर महिन्याला नऊ-दहा लिटर पेट्रोल, हजाराच्या आसपास. चेनला तेल दर पाचशे किलोमीटरला स्वतः लावायला शिक. सर्व्हिसिंग आणि टायरसाठी महिन्याला सात-आठशे बाजूला टाक. उरलेल्या बाराशेची नवी आरडी उघड, तिचं नाव ‘नारनौल’ ठेव. तीन वर्षांत ती उडी तुझी. जायच्या आधी तुझ्या आरोग्य विम्याचं वगळणुकीचं कलम वाच. त्यात स्काय डायव्हिंग लिहिलेलं असतं, पण प्रमाणित शब्दांत ते ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेण्यापुरतं आहे. अपघात विम्याची भाषा वेगळी असू शकते, तीही बघून घे. आणि तोवर हवेत जायची ओढ अगदीच लागली तर पाचगणी तुझ्या दारात आहे. पाऊस संपला की तिथे पॅराग्लायडिंगच्या टँडम उड्या सुरू होतात, काही हजारांत.

तू कुठे राहतेस ते बघ ना! पुण्या-मुंबईची मंडळी शनिवारी पहाटे उठून, हायवेवर ट्रकांमधून खंबाटकी ओलांडून जिथे यायला निघतात, तिथे तुझा रोजचा रस्ता सुरू होतो. पहिले दोन महिने फक्त यवतेश्वरचा घाट, सकाळी सातच्या आत, मधल्या वारी. गिअर, क्लच आणि वळण एकत्र जमायला हा घाट पुरेसा आहे. फुलांच्या दिवसांतल्या शनिवार-रविवारी कासकडे फिरकू नकोस, गाड्यांमधून वाट काढण्यात शिकण्यासारखं काही नाही. मग सज्जनगडावरून ठोसेघर, आणि धीर आला की वर चाळकेवाडी. तिथल्या पवनचक्क्या उगाच नाहीत. आडवा वारा गाडीला अख्खी एका बाजूला सरकवतो. पहिल्यांदा माणूस घाबरून हँडल घट्ट आवळतो, तेच करायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, हात सैल सोडायचे, वेग कमी करायचा, गाडी स्वतःच सावरते. रात्री आणि पहिल्या पावसात जायचं नाही, हा नियम निदान वर्षभर पाळ. वर्षाने, नोव्हेंबरात, उंब्रजवरून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली उतरून चिपळूण आणि गुहागर. दुसऱ्या दिवशी धोपाव्याच्या जेटीवर गाडी फेरीबोटीत चढव, वाशिष्ठीची खाडी ओलांडून दाभोळला उतर. बोटीत गाडी साइड स्टँडवर गिअरमध्ये ठेवून तिच्याजवळच उभी राहा. ती दहा-पंधरा मिनिटं मला माझ्या सगळ्या प्रवासांत सगळ्यात आवडती आहेत.

आईचं काय? तिला ‘काही होत नाही गं’ म्हणू नकोस. होतं, तिला माहीत आहे, म्हणून तर ती नाही म्हणते. तिच्यासमोर जॅकेट पलंगावर पसर, पाठीचं पॅड काढून तिच्या हातात दे. कुठे जातेस आणि किती वाजता परत येणार ते कागदावर लिहून फ्रीजवर लाव आणि ती वेळ पाळ. गाडीच्या विम्याबरोबर मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घ्यावाच लागतो, त्यात वारस म्हणून तिचं नाव घाल आणि ते तिला सांग. हे बोलणं अवघड आहे. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून कर. कदाचित ती तरीही नाही म्हणेल. तू २९ वर्षांची आहेस, पैसे तुझे आहेत. तिला दुखावून नको, पण तिच्यापासून लपवून तर अजिबात नको. लपवलेली गाडी माणूस घाईत चालवतो.

एक गोष्ट राहिली, आणि ती दिवाळीची वाट बघणार नाही. तुझं लायसन्स काढून बघ. अॅक्टिवावर काढलेलं असेल तर त्यावर बहुतेक बिनगिअरचाच वर्ग असणार. त्यावर गिअरची गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा त्यावरच अडतो. गिअरच्या वर्गासाठी आधी लर्निंग काढावं लागतं आणि त्यानंतर ३० दिवसांनी परीक्षा देता येते. या आठवड्यात अर्ज कर, आरडी सुटेपर्यंत तारीख आलेली असेल. त्या महिन्यात शिकायला ऑफिसातल्या दादांना पुन्हा विचार, ‘एल’ची पाटी लावून, ते मागे बसलेले असताना.

तुझी,
ताई